शेवटच्या घराचा नळ

दाना ओली या जुन्या बाजाराच्या आत आमची गल्ली आहे. समोरून स्कूटर आली तर माणसाला कुणाच्या तरी पायरीवर चढून उभं राहावं लागतं, एवढीच ती रुंद. एका कडेनं उघडी नाली वाहते, आणि गल्लीचं दुसरं टोक बंद आहे. त्या बंद टोकाचं शेवटचं घर आमचं. दोन खोल्या आणि वर पत्रा. दादा, म्हणजे माझे वडील, दालबाजारात पोती उचलायचे. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते असं दादा पाहुण्यांना सांगतात. त्यांची तलवार आमच्यापैकी कुणी पाहिली नाही, पोत्यांनी सोलपटलेली दादांची पाठ मात्र सगळ्यांनी पाहिली आहे. आई लोकांकडे स्वयंपाकाला जायची. थोरली बहीण माई दहावीनंतर घरी बसली आणि लग्न होऊन झाशीला गेली. मी कॉलेजात गेले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सगळ्यांना सांगते.

पाणी एक दिवसाआड यायचं, सकाळी. आधी गल्लीच्या तोंडाशी, मग एकेका घरातून ओढलं जात जात आमच्यापर्यंत आलं तर आलं. तिकडे सिटी सेंटर या नव्या भागाच्याही पुढे शहर पसरत होतं. नव्या कॉलन्या, नव्या बिल्डिंगा, प्रत्येकीला पाणी हवं. धरण तेच, आणि आमच्या भागातले पाइप आजोबांच्या वेळचे. मग गल्लीत एकेकानं नळालाच मोटर जोडली. ज्याची मोटर मोठी त्याचं पाणी जास्त. शेजारी मोठी आणायचा म्हणून आपण त्याहून मोठी आणायची. शेवटी दादांनीही हप्त्यावर एक आणली. ज्या दिवशी आमच्या नळाला पहिल्यांदा धो धो पाणी आलं, त्या दिवशी आईनं त्या मोटरीला हळदीकुंकू लावलं.

होळीनंतर दिनूला, माझ्या धाकट्या भावाला, कावीळ झाली. आधीच्या वर्षी टायफॉइड, आता कावीळ. त्याचं शाळेचं वर्ष गेलं. आईची दोन कामं सुटली, कारण कावीळ असलेल्या घरातली बाई आपल्या स्वयंपाकघरात कुणाला नको होती. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि कॉलेज सोडून कुठेतरी दुकानात लागावं असा विचार करत होते.

अशा वेळी निगुडकर बाई दिनूला बघायला आल्या.

निगुडकर बाई गल्लीच्या तोंडाशी, पहिल्या घरात राहायच्या. मुलींच्या शाळेत आयुष्यभर केमिस्ट्री शिकवून नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. मलाही त्यांनीच शिकवलं होतं. मराठी लोक त्यांना बाई म्हणायचे, बाकीची गल्ली बहनजी. लग्न केलं नाही. उंची बेताची, सुती साडी, आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट बघून पोरं हसायची. बाई म्हणायच्या, "नालीच्या कडेनं चप्पल घालून चालणाऱ्यांनी मला हसू नये."

तर त्या आल्या, दिनूच्या डोळ्यांत बघितलं, आणि आईला म्हणाल्या, "मंदा, पाणी दे जरा."

आईनं ग्लास दिला. बाईंनी तो नाकाशी नेला, वास घेतला आणि खाली ठेवला. त्यांची ही सवय अख्ख्या लष्कर भागात माहीत होती. लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्या आधी पाण्याचा वास घ्यायच्या, आणि यजमान बिचारा उभ्या उभ्या घामाघूम व्हायचा.

"मोटर कधी घेतलीस?"

"दिवाळीला," आई जरा कौतुकानं म्हणाली.

"आणि पाइप कुठून येतो तुझा?"

पाइप नालीतून यायचा. सगळ्यांचेच पाइप नालीतून यायचे, गंजलेले, जागोजाग चिंध्या बांधलेले. बाईंनी आईला समजावलं, की नळाला जोर असतो तेव्हा पाइपात भोक असलं तर पाणी बाहेर जातं. मोटर लावली की पाइप उलटा ओढायला लागतो, आणि त्याच भोकातून नाली आत येते.

"म्हणजे दिनूला आम्हीच..." आई दिनूकडे बघायला लागली.

"तू एकटी नाहीस. मधल्या घरातले पंडितजी तुझ्याआधी ओढतात, त्यांच्याआधी गुप्ता ओढतो. सगळे मिळून नाली ओढतायत."

दादा दारात उभे होते. म्हणाले, "बाई, मोटर नाही तर पाणीच नाही. आमचं शेवटचं घर."

"हो, ते खरं आहे," एवढंच म्हणून बाई गेल्या. जाता जाता मला म्हणाल्या, "कॉलेज सोडायचं डोक्यात असेल तर काढून टाक. या घरात एकानं तरी पाइपाचं गणित शिकायला पाहिजे."

बाईंबद्दल लिहायला बसलं की लोकांना वाटतं एखादी साधी, शांत, त्यागमूर्ती वगैरे. अजिबात नाही. जीभ चाकूसारखी. चहा देतील तर अर्धा कप. रविवारी दुपारी घरी पत्त्यांचा अड्डा जमायचा आणि बाई रमीत सर्रास लबाडी करायच्या. पकडलं तर चष्मा पुसत म्हणायच्या, "मला दिसलं नाही." तिळाच्या गजकाचा डबा कपाटात साड्यांमागे लपवलेला असायचा. कुणी "होऊन जाईल" म्हटलं की त्यांचा एकच प्रश्न, "कोण करणार? नाव सांग." नळवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांना हाच प्रश्न. समोरचा गोंधळायचा, कारण "होऊन जाईल" म्हणताना आपल्याकडे कुणाच्या मनात कुणाचं नाव नसतंच.

आणखी एक. आम्हा मराठी घरांशी मराठीच, पण बाकीच्या गल्लीशी बाई गोड बोलायच्या तेव्हा शुद्ध, अगदी ठेवणीतल्या हिंदीत बोलायच्या. राग आला की मराठीत. गल्लीतल्या मराठी न येणाऱ्यांनाही हे पाठ झालं होतं. बाईंचं पहिलं मराठी वाक्य आलं की मधल्या घरातले मिश्रा चाचा, ज्यांना आई पंडितजी म्हणायची, पोरांना सांगायचे, "मराठी में आ गईं बहनजी. चलो, अंदर चलो."

दिनू उठून बसायला लागल्यावर बाईंनी एका संध्याकाळी गल्लीत टेबल मांडलं. कूलरचा पारदर्शक पाइप आणला, त्याला सुईनं भोक पाडलं आणि तेवढा भाग चहाचं पाणी भरलेल्या परातीत बुडवला. पाइपाचं एक टोक स्वच्छ पाण्याच्या बादलीत, दुसऱ्या टोकाला पिचकारी. बादली वर उचलली तेव्हा पाइपातून स्वच्छ पाणी आलं. मग बादली खाली ठेवून पिचकारी ओढली, तर पाण्याबरोबर चहाचा तपकिरी दोरा पाइपात शिरला आणि पिचकारी मळकट झाली. बायका तोंडावर पदर धरून बघत राहिल्या. तो चहा होता, पण सगळ्यांना नालीच दिसली.

"बात तो सही है बहनजी," मिश्रा चाचा म्हणाले. "पर मैं बंद कर दूँ और गुप्ता चालू रखे, तो मैं क्या पिऊँ? आपकी चाय?"

सगळे हसले. बाईही हसल्या. दुसऱ्या सकाळी पाणी आलं तेव्हा गल्लीत सगळ्या मोटरी पहिल्यासारख्या घुमत होत्या.

मला फार वाईट वाटलं. बाईंना नाही वाटलं. म्हणाल्या, "सगळ्यांना समजलंय. आता समजावणं बंद. आता करायचं काय ते बघू."

त्या मला घेऊन पाण्याच्या ऑफिसात गेल्या. तिथे एक तरुण इंजिनियर होता, टेबलावर नकाशे, डोळे झोप न झालेले. बाईंनी ठेवणीतल्या हिंदीत सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, लाइन नालीतून बाहेर काढा. तो म्हणाला, "हो जाएगी मैडम."

"कौन करेगा? नाम बताइए."

पोरगा चिडला. पण चिडून जे बोलला ते मुद्द्याचं होतं. म्हणाला, मी उद्या लाइन बाहेर काढीन, परवा तुम्ही लोक तिलाही मोटरी लावाल. ओढून ओढून नवे जोडही सुटतील, आणि पावसात नाली भरून गल्लीत आली की पुन्हा तेच. आधी मोटरी काढा. शेवटच्या घरात मोटरीशिवाय पाणी पोचतं हे मला दाखवा, मग नवी लाइन माझ्याकडून.

मला वाटलं बाई आता मराठीत येतात. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "ठीक है. आखिरी घर." बाहेर जिन्यात मला म्हणाल्या, "बरोबर बोलतोय मुलगा. राग येतोय, पण बरोबर बोलतोय."

उन्हाळ्यात झाशीहून फोन आला. माईला दिवस गेले होते. आई त्या दिवशी किती तरी वेळ हसत होती. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. आईला तिच्या आईनं केलं होतं, आई माईला करणार. सातव्या महिन्यात लेकीला आणायची, हे ती लग्नाच्या दिवसापासून मनात धरून होती. मग काही दिवसांनी माईच्या सासूबाईंचा फोन आला. वाईट बोलल्या नाहीत. नीट, आदरानं बोलल्या, आणि त्यामुळेच आईला जास्त लागलं. "विहीणबाई, तुमच्याकडे कावीळ झाली होती म्हणे. डॉक्टर सांगतात, या दिवसांत कावीळ म्हणजे खेळ नाही. पोर आमच्याकडेच राहू दे. तुम्हीच या हवं तर."

आईनं फोन ठेवला आणि बाईंच्या घरी गेली. मी मागोमाग.

"बाई," ती म्हणाली, "माझ्या लेकीला माझ्याच घरी येऊ नको म्हणायची वेळ आली."

बाई पत्ते पिसत होत्या. पत्ते खाली ठेवले. "सातवा कधी लागतो?"

"गणपतीनंतर."

"बरं," बाई म्हणाल्या. "तोवर."

त्या दिवसापासून बाईंनी जे केलं त्याला मी जिद्द म्हणते, गल्ली त्याला बहनजी का भूत म्हणायची.

पहिलं म्हणजे त्या घरोघरी गेल्या आणि एकच गोष्ट सांगितली. मोटर फेकू नका. नळाला लावू नका, ड्रमाला लावा. नळाचं पाणी आपल्या जोरावर खाली ड्रमात येऊ द्या, मग ड्रमातून मोटरीनं वर चढवा, जितकं चढवायचं तेवढं. म्हणजे मोटर आपल्याच ड्रमाला ओढेल, नालीला नाही. हे सोपं होतं. लोकांना पटलंही. फक्त ड्रम ठेवायचा कुठे, हा प्रश्न होता.

"सर पे रखूँ?" मिश्रा चाचांनी विचारलं.

बाईंनी चाचांकडे बघितलंच नाही, चाचींकडे बघितलं. शकुन चाची बाईंची जुनी विद्यार्थिनी. "शकुन, नौवीं में सायफन किसने बनाया था?"

"मैंने, बहनजी," चाची म्हणाल्या, आणि नातवंडं असलेली ती बाई वर्गात उभी राहिल्यासारखी ताठ झाली.

"तो दीवान के नीचे जगह भी बना लोगी."

दुसरं म्हणजे बाईंनी आपल्या घरच्या नळाचा वॉल्व बंद केला. त्यांचं पहिलं घर, त्यांना मोटरीची गरज कधीच नव्हती, पाणी आपोआप यायचं. त्यांनी जाहीर केलं, की शेवटच्या घरात मोटरीशिवाय पाणी येईपर्यंत मी माझा नळ उघडणार नाही. आणि पाणी यायच्या सकाळी घडीची खुर्ची घेऊन त्या आमच्या दारात, आमच्या नळासमोर येऊन बसायला लागल्या.

मोटर दादांनी नळावरून काढली होती, त्यामुळे आमचा नळ कोरडाच. फुस्स करून हवा यायची आणि संपलं. बाई उठायच्या आणि आपली बादली घेऊन चौकातल्या हँडपंपावर जायच्या. दरबारात कारकुनी केलेल्या घराण्यातली, साऱ्या लष्कर भागातल्या मुलींना शिकवलेली बाई हँडपंपावर रांगेत उभी. बघणाऱ्याला कसंतरी व्हायचं. आईला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, असं नका करू. लोक मला बोलतात, की तुझ्यापायी त्यांचे हाल चाललेत."

"कोण बोलतं? नाव सांग."

"आता नाव काय सांगू..."

"मग कुणी बोलत नाही," बाई म्हणाल्या आणि बादली उचलली.

हळूहळू ड्रम आले. गुप्तांनी पायरीवर ठेवला, कुणी जिन्याखाली, कुणी संडासाच्या बाजूला. सकाळी गल्ली शांत व्हायला लागली. तरी आमचा नळ कोरडा. बाईंना कळेना. मग त्यांनी एक स्टीलचा ग्लास घेतला, उपडा करून आमच्या पाइपावर टेकवला आणि कान लावला. "कुणीतरी घुमतंय," म्हणाल्या. मग पुढचं घर, मग त्यापुढचं. ग्लास पाइपाला लावत, पांढऱ्या बुटांत वाकत वाकत बाई गल्लीतून चालल्या आणि अख्खी गल्ली खिडक्यांतून बघत होती. डॉक्टर छातीला नळी लावतात तसं चाललं होतं.

ग्लास मिश्रा चाचांच्या दारात थांबला. तेवढ्यात आतून धूर आला.

चाचांनी मोटर नळावरून काढलीच नव्हती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिला थंडीतल्या जाड रजईत गुंडाळून चालवत होते, पाणी येईल त्या प्रत्येक सकाळी. त्या दिवशी मोटर तापली, रजई धुमसली. चाची ओरडत बाहेर, चाचा आत बटण बंद करायला, आणि बाईंनी आमच्या घरी भरून ठेवलेली पिण्याच्या पाण्याची बादली मागवून रजईवर ओतली. रजई गेली, मोटरही गेली.

चाचा बनियनवर गल्लीत उभे होते. सगळ्यांना वाटलं आता बाई मराठीत येणार. पण बोलल्या त्या शकुन चाची. जळकी मोटर दोन्ही हातांनी उचलून त्यांनी बाईंच्या पायाशी आणून ठेवली आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "रजाई मेरी माँ ने दी थी. अब दीवान के नीचे ड्रम आएगा, और ऊपर तुम सोओगे."

त्यानंतर चाचांसारखा कडक माणूस गल्लीत झाला नाही. सकाळी दात घासत घासत ते घराघरापुढे थांबून कान द्यायचे. गुप्तांच्या घरी मिक्सर चालला तरी दार वाजवायचे. "मेरी गई, अब किसी की नहीं चलेगी," म्हणायचे. बाईंना ग्लासाची गरजच उरली नाही.

आणि मग एका सकाळी आमच्या नळाला पाणी आलं. मोटर नाही, काही नाही. आधी हवा, मग बोटाएवढी धार. धो धो नाही. पण थांबली नाही, चालू राहिली. आई बादली लावायची विसरून बघत बसली. बाई खुर्चीवरून म्हणाल्या, "मंदा, वाया चाललंय."

तरी ते पाणी प्यायचं नव्हतंच. वास कमी झाला होता, गेला नव्हता. पाइप अजून नालीतच होता. पण बाईंना जे दाखवायचं होतं ते झालं होतं. त्यांनी इंजिनियरला बोलावलं. त्यानं आमच्या नळाला दाब मोजायचं घड्याळ लावलं, सगळी गल्ली भोवती. काटा शून्याच्या वर जाऊन थांबला.

"म्हणजे काय?" आईनं मला हळूच विचारलं.

"म्हणजे पाणी बाहेर ढकलतंय आई, आत काही ओढत नाही." पाइपाचं गणित मी शिकले होते.

इंजिनियर काट्याकडे बघत राहिला. त्याला खरं तर ही अपेक्षा नव्हती. बाई उठल्या आणि हिंदीत, अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "बेटा, अब आपकी बारी. कौन करेगा?"

त्यानं आपलं नाव सांगितलं. बाईंनी ते नाव सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं मोठ्यानं परत म्हटलं. चाचांनी टाळी वाजवली. पोरगा लाजला, पण शब्द पाळला. यात मी त्याला पूर्ण मान देते. पावसामुळे काम थांबलं, पुन्हा सुरू झालं, एकदा ठेकेदार गायब झाला. बाई दर आठवड्याला ऑफिसात जाऊन त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसायच्या, बरोबर शेंगदाणे घेऊन, आणि त्यालाही द्यायच्या. शेवटी नवी लाइन आली. नालीतून नाही, गल्लीच्या दुसऱ्या कडेनं, भिंतीलगत, नालीपेक्षा उंचावर. प्रत्येक घराचं कनेक्शन नव्या पाइपानं. लोकांनी आपापल्या दारापुढची फरशी स्वतः उखडून दिली. दिनूनं आणि दादांनी आमच्या पुढची उखडली.

पाण्याची तपासणी मी कॉलेजच्या लॅबमध्ये केली, मॅडमची परवानगी घेऊन. बाईंनी पुन्हा करायला लावली. मग तिसऱ्यांदा.

"अजून किती वेळा, बाई?"

"तुझी बहीण येतेय. तू सांग किती वेळा."

माईच्या सासूबाई स्वतः माईला घेऊन आल्या. सातवा उलटून गेला होता, पण आल्या. फार खमक्या बाई. आधी घरात शिरल्याच नाहीत, नालीच्या कडेनं गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघितली, पाइप कुठून येतो, कुठे जातो. मग निगुडकर बाईंसमोर उभ्या राहून प्रश्न सुरू केले. बाईंनी सगळी उत्तरं दिली आणि शेवटी विचारलं, "आणि तुम्ही झाशीला मोटर कुठे लावलीय? नळाला?"

सासूबाई पुन्हा पाइपाकडे बघायला लागल्या.

"जाऊन ड्रमाला लावा," बाई म्हणाल्या. चाचांनी दारातून मराठी ऐकलं आणि ते हळूच आत सरकले.

बाई पुढे आमच्या घरी फारशा आल्या नाहीत. काम झालं की त्यांना त्या जागेत रस उरायचा नाही. कुणी आभार मानायला गेलं तर पत्ते वाटायला बसवायच्या आणि हरवून पाठवायच्या. मी बी.एस्सी. पुरी केली, बँकेची परीक्षा दिली, सिटी सेंटरला नोकरीला लागले. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन गेले तर एक पेढा खाऊन म्हणाल्या, "माधवगंजला मोटरी मोजून आले आज. आपल्याहून वाईट आहे." शाबासकी नाही, काही नाही. मला त्यांची ती रीत तोवर कळली होती. वाईट वाटलं नाही.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते माधवगंजलाच. बँकेतून येताना आमचा सवारी टेंपो रहदारीत अडकला होता. एका मिठाईच्या दुकानाच्या पायरीवर बाई बसल्या होत्या, भोवती पाच-सहा माणसं, सगळी एकदम बोलत होती. एक जण हात नाचवत म्हणत होता, की हे इथे होणार नाही, इथले लोक ऐकणारे नाहीत. बाई खूप बारीक झाल्या होत्या, कानाला आता मशीन होतं. त्यांनी त्या माणसाला बोलू दिलं, सगळं बोलू दिलं. मग काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही, पण तो माणूस एकदम थांबला आणि शेजारच्याकडे बघायला लागला, त्यावरून काय विचारलं असेल ते मला कळलं. मी हाक मारली. बाईंनी वळून बघितलं, ओळखलं, आणि जा, जा, उशीर होईल, असा हात केला. टेंपो सुटला. त्या हिवाळ्यात बाई गेल्या. अंत्ययात्रेत गल्ली होतीच, पण माधवगंजचीही माणसं होती, ज्यांना आम्ही ओळखत नव्हतो. मिश्रा चाचांनी खांदा दिला आणि शेवटपर्यंत आपली जागा दुसऱ्या कुणाला दिली नाही.

आता जे आहे ते सांगते. आमच्या गल्लीत एकाही नळाला मोटर नाही. पाण्याची लाइन नालीच्या बाहेर आहे. त्या वर्षानंतर गल्लीत कुणाला कावीळ झालेली नाही. माईला मुलगी झाली, आणि बाळंतपण माहेरी झालं, शेवटच्या घरात, आईच्या हातचं.